वाघिणी रिकाम्या करणारा साहेब

जिम कॉर्बेट पोटापाण्यासाठी काय करत होता? जंगलवेड्या मंडळींना हा प्रश्न एकदा विचारून बघा. चंपावतच्या वाघिणीच्या बळींचा आकडा ज्यांना तोंडपाठ असतो, 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ'ची ज्यांनी पारायणं केलेली असतात, तेही इथे अडखळतात. कुणी म्हणतं सैन्यात कर्नल होता, कुणी म्हणतं वनखात्यात साहेब असणार. सरकारने नेमलेला पगारी शिकारी होता, हेही उत्तर हमखास येतं. यातलं कर्नलपण खरं, पण ते उतारवयात आलेलं. वनखात्याचा तो नोकर नव्हता. आणि नरभक्षक मारण्याचा एक पैसाही त्याने कधी घेतला नाही. उलट जाहीर झालेली बक्षिसं आधी रद्द करा, मगच मी येतो, अशी त्याची अट असे.

कॉर्बेट रेल्वेत होता. विशीच्या आतच तो बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या चाकरीत शिरला आणि पुढे वीसहून अधिक वर्षं बिहारमध्ये गंगेच्या काठी, मोकामा घाटावर, मालगाड्यांच्या वाघिणी रिकाम्या करून घेत राहिला. माणसाच्या अंगात रग असते तो सगळा काळ त्याने पोती, कोळसा आणि हमालांच्या टोळ्या यांच्यात घालवला. जंगल वाट्याला यायचं ते रजेपुरतं.

त्याच्यावर लिहिणारे बहुतेक लोक हा काळ दोन ओळींत उरकतात आणि लगोलग वाघाच्या मागावर निघतात. ते स्वाभाविक आहे. डरकाळीपुढे कोळशाची टोपली कोण बघणार? पण मला वाटतं, हा माणूस घडला तो मोकामा घाटावर. त्याची चिकाटी, माणसं हाताळण्याची हातोटी, गरिबाच्या शब्दावर भरवसा ठेवण्याची सवय हे सगळं तिथलं आहे. कुमाऊँच्या डोंगरांत ते फक्त कामी आलं.

त्याचा जन्म 25 जुलै 1875 चा, नैनितालचा. बाप क्रिस्टोफर कॉर्बेट नैनितालचा पोस्टमास्तर. जिम सहा वर्षांचाही नव्हता तेव्हा तो वारला. मागे बायको मेरी जेन आणि पोरांचा मोठा गोतावळा. उन्हाळ्यात नैनितालचं गर्नी हाउस आणि थंडीत खाली भाबरातलं कालाढुंगी, असं या घराचं वर्ष विभागलेलं. कालाढुंगीच्या रानात हे पोर गलोल घेऊन हिंडलं, मग धनुष्यबाण आला, मग एक नळी फुटलेली ठासणीची बंदूक. कुंवरसिंग नावाचा गावातला एक चोरटा शिकारी त्याचा पहिला गुरू. रानात शिरायचं तर झाडावर चढता आलंच पाहिजे, हा त्याचा पहिला धडा. घरची ऐपत पुढच्या शिक्षणाची नव्हती. तेव्हाच्या भाषेत ही माणसं 'देशी साहेब': कातडी गोरी, पण जन्म, शाळा आणि नोकरी सगळी इथलीच. विलायतेहून आलेल्या अस्सल साहेबाच्या पंगतीत यांचं पान जरा खालीच मांडलं जाई. अशा घरातल्या मुलांना रेल्वे, पोस्ट आणि तार ही तीन दारं उघडी असत. कॉर्बेटने रेल्वेचं दार ठोठावलं.

पहिलं काम मिळालं ते लाकूडतोडीचं. त्या रेल्वेची इंजिनं अजून बरीचशी लाकडावर चालत होती. सुमारे 5 लाख घनफूट लाकूड तोडायचं, त्याचे 36 इंची ओंडके करायचे आणि इंजिनांसाठी रवाना करायचे. पुढे ज्याचं नाव भारतातल्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाला दिलं गेलं, त्याने उमेदवारीचा काळ इंजिनाच्या पोटात जंगल घालण्यात काढला. दीड-दोन वर्षं रानात तंबू ठोकून, मजुरांबरोबर राहून त्याने हे काम पुरं केलं. मग काही दिवस जी मिळतील ती कामं केली: इंजिनावर उभं राहून कोळसा किती जळतो याची टिपणं काढ, मालगाडीचा गार्ड हो, भांडारात बस, कुठे सहायक स्टेशनमास्तर म्हणून उभा राहा. अशी बदलीची कामं करणाऱ्या तरुणाला एक दिवस मोकामा घाटाबद्दल विचारणा झाली.

मोकामा घाटाचं दुखणं मिरजेच्या माणसाला चटकन समजेल. मिरज जंक्शनात एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या येत. एका गेजची वाघीण दुसऱ्या गेजवर चालत नाही, म्हणून माल उतरवायचा, माणसाच्या डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि दुसऱ्या वाघिणीत भरायचा. मोकाम्याला याच्या जोडीला गंगा होती. दक्षिण काठाने ईस्ट इंडियन रेल्वेची साडेपाच फुटी ब्रॉडगेज लाइन जाई, तर उत्तर बिहारचा सगळा मुलूख मीटरगेजवर. मध्ये पूल नाही. मीटरगेजच्या वाघिणी सिमरिया घाटावर सपाट तराफ्यांवर चढवायच्या, नदी ओलांडून मोकामा घाटाला आणायच्या, तिथे माल शेडमध्ये उतरवायचा आणि पलीकडच्या ब्रॉडगेज वाघिणींत भरायचा. उलट दिशेचा माल याच्या उलट. यंत्र म्हणून काही नाही. क्रेन नाही, ढकलगाडीही नाही. सगळं डोक्यावर आणि पाठीवर.

कॉर्बेट तिथे पोचला तेव्हा घाट तुंबला होता. शेडमध्ये हजारो टन माल पडून, नदीच्या दोन्ही अंगांना वाघिणी उभ्याच्या उभ्या, आणि आधीची व्यवस्था हात टेकून बसलेली. घाटावर ओळखीचं कुणी नाही, हाताशी माणसं नाहीत, कंत्राटी कामाचा अनुभव नाही. वय जेमतेम वीस-एकवीस, पगार महिना 150 रुपये, आणि त्यातला मोठा वाटा घरी आई-बहिणींना जायचा. स्टेशनमास्तर रामसरन या एका माणसाच्या भरवशावर त्याने काम अंगावर घेतलं.

काम कसं चालायचं हे त्याने 'माय इंडिया'त लिहून ठेवलं आहे. कोळसा उतरवताना पुरुष फावड्याने टोपली भरून देई आणि बाई ती डोक्यावर घेऊन जाई. बहुतेक टोळ्यांत अशी नवरा-बायकोची जोडी असे. पोती उचलणाऱ्यांच्या टोळ्या वेगळ्या आणि प्रत्येक टोळीला मुकादम. सुरुवातीला सगळ्यांचेच हात फुटले आणि पाठी धरल्या. साहेबही शेडमध्ये पोत्यांखाली खांदा देत होता. तेवढी माणसंच नव्हती आणि बाजूला उभं राहून हुकूम सोडण्याचा त्याचा स्वभावही नव्हता. पहाटे सुरू झालेलं काम रात्री कंदिलांच्या उजेडात चाले. हळूहळू घाट मोकळा झाला, आणि पुढे वर्षाला 5 लाख टनांच्या घरात माल याच पद्धतीने हातांवरून सरकत राहिला.

आणि याच काळात मजुरी थकली. एक महिना गेला, दोन गेले, तिसरा सरत आला, तरी रेल्वेकडून पैसा नाही. वाण्यांनी उधारी आवळली. माणसं एका जेवणावर आली. साहेबाच्या बंगल्यावरही डाळ-चपातीपलीकडे काही शिजत नव्हतं. काम मात्र एक दिवस थांबलं नाही. शेवटी एका रात्री एक म्हातारा मुकादम बंगल्यावर आला. त्याने आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. पोट रिकामं असलं की पाठ वाकत नाही, एवढंच त्याने आपल्या शब्दांत सांगितलं. कॉर्बेटने त्या रात्री वरिष्ठांना तार केली: पगाराची रोकड घेऊन माणूस निघाला आहे अशी खात्री मिळाली नाही, तर उद्या दुपारी 12 वाजता मोकामा घाटाचं काम बंद.

संप मजुरांनी केला नाही, तो करायची तयारी कंत्राटदाराने दाखवली. रेल्वेच्या इतिहासात असं फार वेळा घडलं नसावं. उत्तर आलं, आणि मागोमाग 12,000 रुपयांची थैली आली. त्या रात्री टोळीटोळीने पैसे वाटले गेले.

हे सगळं सांगणारा कॉर्बेट स्वतः आहे, हे खरं. आपल्या तोंडून आपली गोष्ट ऐकताना श्रोत्याने मीठ हाताशी ठेवावं. पण त्याच्या लिहिण्यात एक खूण आहे, जिच्यामुळे मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. या प्रकरणांत तो स्वतः नायक नसतो. प्रकरणांची नावंच बघा: 'बुधू', 'लालाजी', 'चमारी'.

चमारी नावाचा अस्पृश्य जातीतला एक मजूर बायकोला घेऊन कामाच्या शोधात घाटावर आला. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेला, अक्षरशत्रू. तो कोळशाच्या टोळीत लागला आणि बघता बघता सगळ्या कोळसा-टोळ्यांचा मुख्य मुकादम झाला. त्याच्या हाताखाली ब्राह्मण होते, ठाकूर होते, क्षत्रिय होते. विसाव्या शतकाच्या तोंडावरचं बिहार डोळ्यांसमोर आणलं म्हणजे यातला अचंबा कळतो. ही माणसं त्याचं ऐकत, त्याला मान देत. मिळकत वाढली तसा हा गडी वाटेने जाणाऱ्या भुकेल्यांना जेवू घालू लागला. पटकीने तो गेला, तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेला घाटावरचं झाडून सगळं लोक आलं: उच्च-नीच, हिंदू, मुसलमान, अस्पृश्य, ख्रिस्ती. त्या काळात एखाद्या मजुराच्या मरणाचं असं वर्णन छापून आलेलं मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही.

बुधूची गोष्ट तर सावकारीच्या अभ्यासक्रमाला लावावी अशी. त्याच्या आजाने वाण्याकडून दोन रुपये कर्ज काढलं. त्यातलाही एक रुपया वाण्याने व्याजापोटी आगाऊ कापून घेतला. आजा गेला, बापाने अंगठा उठवला, बाप गेला, नातवाने उठवला. दर पिढीला आकडा फुगत गेला, आणि बुधूचं सगळं कुटुंब हंगामात त्या वाण्याच्या शेतावर फुकट राबू लागलं. कॉर्बेटने वकील गाठला, कागद तपासायला लावले आणि पैसे भरून गहाणखत सोडवलं. कागद जाळायला निघाला तर बुधूने हात धरला. तुमचे पैसे फिटल्याशिवाय कागद जाळायचा नाही, हे त्याचं म्हणणं. तीन पिढ्या ज्या माणसाला कागदाने लुटलं, तो कागदाचा मान राखायला निघाला होता.

लालाजी फलाटावर पटकीने तडफडत पडलेला सापडला. बरोबरच्यांनी त्याला तिथेच टाकलं होतं. कॉर्बेटने त्याला उचलून बंगल्यावर नेलं, शुश्रूषा केली. हा लालाजी धंद्यात बुडालेला धान्याचा व्यापारी होता. बरा झाल्यावर त्याने पुन्हा उभं राहायला 500 रुपये मागितले. कागद नाही, जामीन नाही. दीडशे पगार घेणाऱ्याने ते दिले. वर्षभरात लालाजी रक्कम घेऊन परत आला. व्याजही आणलं होतं, ते साहेबाने घेतलं नाही.

आणि शाळा. रामसरनच्या मनात आलं, मजुरांच्या पोरांना शिकवावं. एक झोपडी घेतली, मास्तर ठेवला, 20 पोरं गोळा झाली. लगेच पेच पडला: वरच्या जातीची मुलं खालच्या जातीच्या मुलांबरोबर एका खोलीत बसणार नाहीत. दुसरा कुणी असता तर दोन खोल्या बांधून मोकळा झाला असता. रामसरनने झोपडीच्या भिंती काढून टाकल्या. चार भिंतींच्या आत एकत्र बसलं तर विटाळ, पण नुसत्या छपराखाली बसायला शास्त्राची हरकत नव्हती! छप्पर राहिलं, भिंती गेल्या, शाळा सुरू झाली. पुढे ती 200 मुलांपर्यंत वाढली, सरकारने तिला मिडल स्कूलचा दर्जा दिला आणि रामसरनला रायसाहेब केलं. जातीशी समोरासमोर न भिडता तिला बगल देणारी ही युक्ती आहे, हे मान्य. जोतीरावांनी पुण्यात 1848 पासून जे केलं, त्याच्या पासंगाला ती पुरणार नाही. पण त्या छपराखाली बसलेल्या पोरांना अक्षर आलं.

इथे हात आखडून कौतुक करायला हवं, कारण मोकामा घाटावर त्याच वर्षांत असंही काही घडलं, जे कॉर्बेटच्या आठवणींत सापडत नाही. 30 एप्रिल 1908 ला मुझफ्फरपूरला खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी बॉम्ब टाकला. निसटलेला प्रफुल्ल समस्तीपूरहून गाडीत बसला, गंगा ओलांडून मोकाम्याला आला. गाडीत भेटलेल्या एका फौजदाराला संशय आला होता. मोकाम्याला पोलिसांनी घेरल्यावर प्रफुल्लने स्वतःवर गोळी झाडली. वय जेमतेम एकोणीस-वीस. त्याच बॉम्बवर लोकमान्यांनी 'केसरी'त 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे अग्रलेख लिहिले. जुलै 1908 मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस संप केला. मंडालेच्या वाटेचा एक धागा असा मोकाम्याच्या फलाटावरून जातो.

कॉर्बेटच्या भारतात गरीब आहेत, कर्ज आहे, पटकी आहे, माणुसकी आहे. स्वराज्याची मागणी करणारा माणूस मात्र नाही. त्याच्या लेखी रयत आणि साहेब यांच्यात माय-बापाचं नातं होतं आणि ते तसंच राहावं, असं त्याला वाटत असावं. तो भला माय-बाप होता, एवढाच फरक. मजुरांबरोबर उपाशी राहणारा हा माणूस त्यांच्या देशाच्या राजकारणापुढे डोळे मिटून बसला, याला मी आंधळेपणाच म्हणेन. त्याने त्याच्या भलेपणाला खोटेपणा येत नाही, पण त्याची हद्द मात्र कळते.

आता जंगलाकडे.

1907 साली रजेवर नैनितालला असताना त्याला चंपावतच्या वाघिणीसाठी विचारणा झाली. नेपाळात 200 आणि कुमाऊँत 234 माणसं मारल्याची नोंद तिच्या नावावर होती. शेवटी हा आकडा 436 वर गेला. पाली गावात तो पोचला तेव्हा लोक पाच दिवस घरांतून बाहेर पडले नव्हते. वाघिणीच्या मागावर एकटा फिरणारा शिकारी हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण चंपावतला शेवटी त्याने हाका घातला आणि त्यासाठी तहसीलदाराच्या मदतीने 298 माणसं गोळा केली. त्यातले बरेच जण बिनपरवान्याच्या बंदुका घेऊन आले होते. तहसीलदाराने तेवढ्यापुरता कानाडोळा केला. भेदरलेल्या तीनशे माणसांना कड्यावर ओळीने उभं करायचं, कुणी ओरडायचं, कुणी बार काढायचे, कुणी धोंडे लोटायचे हे ठरवून द्यायचं, आणि तेही त्यांना आपल्या शब्दाचा आधार वाटेल अशा रीतीने. एरवीच्या हौशी शिकाऱ्याला हे जमलं नसतं. मोकाम्याच्या शेडमध्ये दहा-बारा वर्षं टोळ्या लावणाऱ्याला ते रोजचं होतं. इशारा चुकला आणि हाका वेळेआधीच सुरू झाला, तो भाग वेगळा. गवतात बसून त्याने जवळच्या गोळ्या संपवल्या आणि शेवटचा बार तहसीलदाराच्या खिळखिळ्या बंदुकीतून काढला. मेलेल्या वाघिणीच्या जबड्याची उजवी बाजू पाहिली, तर वरचा आणि खालचा सुळा तुटलेला. जुन्या गोळीची ती जखम होती. माणूस ही तिने नाइलाजाने धरलेली वाट होती, आणि ही गोष्ट कॉर्बेटने पुढे प्रत्येक नरभक्षकाच्या बाबतीत तपासून, नोंदवून ठेवली.

1910 साली पनारचा बिबट्या झाला. मग पहिलं महायुद्ध आलं. बोअर युद्धाच्या वेळी रेल्वेने त्याला सोडलं नव्हतं. 1917 मध्ये सोडलं. त्याने कुमाऊँतून 500 माणसं भरती केली आणि त्यांची मजूर पलटण घेऊन तो फ्रान्सला गेला. इथेही पुन्हा तेच काम: माणसं, ओझी, थंडी आणि परक्या मुलखात त्यांना धीर देणं. परत येताना एक सोडून सगळी माणसं बरोबर होती. त्यानंतर तो मोकाम्याच्या कामात पुन्हा रमला नाही. चाळिशी ओलांडलेला, लग्न न केलेला, बहीण मॅगीबरोबर राहणारा हा निवृत्त रेल्वेवाला मग पुरता रानातला झाला.

आपल्या मनातला कॉर्बेट तो हा, निवृत्तीनंतरचा. रुद्रप्रयागच्या बिबट्याने 1918 ते 1926 या काळात 125 माणसं मारली. बद्री-केदारच्या यात्रेकरूंची झोप त्याने उडवली होती. त्याच्यासाठी कॉर्बेट अलकनंदेवरच्या झुलत्या पुलाच्या कमानीवर 20 रात्री वाऱ्यात बसून राहिला आणि बिबट्या फिरकला नाही. मारला गेला तो 2 मे 1926 च्या रात्री, गोलाबराईच्या आंब्याच्या झाडाखाली. चौगडची वाघीण 1930 ची. ठाकची शेवटची, 30 नोव्हेंबर 1938 ची. तेव्हा तो त्रेसष्ट वर्षांचा होता, आणि तिला त्याने नर वाघाचा आवाज काढून जवळ बोलावलं होतं. रानातले आवाज त्याला नुसते ओळखू येत नसत, ते कुणी कुणासाठी काढले हेही कळे. भेकर भुंकलं ते बिबट्याला पाहून की माणसाला, वानराने खाकरून इशारा दिला तो वाघ चालत असताना की बसल्यावर, हे तो सांगू शके. 'जंगल लोअर'मध्ये ही सगळी विद्या आहे. माझ्या मते त्याच्या शिकारकथांपेक्षा ते पुस्तक सरस आहे, आणि महाशीर माशामागे घालवलेल्या त्याच्या सकाळींचं वर्णन वाघांच्या वर्णनाइतकंच जीव लावून केलेलं आहे.

दरम्यान बंदूक हळूहळू खाली आली. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने कुमाऊँच्या जंगलात वाघांचे फोटो काढून दाखवले होते. कॉर्बेटनेही सिनेकॅमेरा घेतला. 1936 मध्ये हेली नॅशनल पार्क झालं, भारतातलं पहिलं. त्यासाठी त्याने गव्हर्नर माल्कम हेली यांच्यामागे लकडा लावला होता. त्याच्या मृत्यूनंतर त्या उद्यानाला त्याचं नाव मिळालं, आणि 1 एप्रिल 1973 ला तिथूनच व्याघ्र प्रकल्प सुरू झाला.

कालाढुंगीजवळची छोटी हल्द्वानी त्याने विकत घेतली होती. आजही तिथे गेलात तर गावाभोवतीची दगडी भिंत दिसते. रानडुकरं आणि हरणं पिकं खातात, म्हणून त्याने ती बांधून घेतली. वस्तुसंग्रहालय म्हणून जपलेला त्याचा थंडीतला बंगला रस्त्यालगतच आहे. पर्यटकांच्या गाड्या तिथे थांबतात, फोटो निघतात आणि पुढे रामनगरकडे जातात. भिंतीपर्यंत फार थोडे जातात. त्यांचं नुकसान. गावात 'मोती का घर' म्हणून एक घर दाखवतात, 'माय इंडिया'तल्या मोतीचं. देश सोडताना कॉर्बेटने जमिनी कुळांनाच दिल्या. गावकऱ्यांच्या तोंडी तो अजूनही 'कार्पेट साहब' आहे.

लेखक म्हणून त्याला जगाने ओळखलं ते मुंबईतून. 1944 मध्ये 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने काढलं. या शाखेचे रॉय हॉकिन्स हे जाणते संपादक. वेरियर एल्विनही त्यांच्याच हातून वाचकांपर्यंत गेले. पहिल्या आवृत्तीचं मानधन कॉर्बेटने युद्धात दृष्टी गेलेल्या भारतीय सैनिकांच्या संस्थेला देऊन टाकलं. त्याच सुमारास, सत्तरीच्या उंबरठ्यावर, तो छिंदवाड्याला सैनिकांना जंगलयुद्ध शिकवत होता; छिंदवाडा तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात. कर्नलपण आलं ते इथे.

डिसेंबर 1947 मध्ये मुंबई बंदरातून तो आणि मॅगी मोम्बासाच्या बोटीत बसले. स्वतंत्र भारतात आपल्याला जागा असेल, असं त्या दोघांना वाटलं नाही. मला हा निर्णय चुकीचा वाटतो; छोटी हल्द्वानीने त्यांना अंतर दिलं नसतं. केनियात न्येरीला बेडन-पॉवेलसाठी बांधलेल्या 'पॅक्स्टू' या छोट्या बंगलीत ते राहिले. 19 एप्रिल 1955 ला हृदयविकाराने तो गेला. न्येरीतच त्याचं थडगं आहे.

त्या बंगलीत बसून, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, त्याने 'माय इंडिया' छापायला दिलं. पुस्तक 1952 चं. कुमाऊँचे वाघ लिहून झाले होते, नाव झालं होतं, पैसा मिळाला होता. अशा वेळी म्हाताऱ्याला आठवले ते चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे कोळशाच्या टोळीतले लोक, नावानिशी. पुस्तक त्याने भारतातल्या गरिबांना अर्पण केलं.

मोकाम्याला आता त्या कामाची खूण शोधूनही सापडणार नाही. 1959 मध्ये राजेंद्र सेतू झाला. बिहारमधला गंगेवरचा हा पहिला रेल्वे-पूल; खाली रूळ, वर रस्ता. फेरीबोटी आणि तराफे थांबले. पुढे उत्तरेकडची मीटरगेजही ब्रॉडगेज झाली, आणि बरौनीकडची वाघीण कुठेही न उघडता सरळ नदीपार जाऊ लागली. पलीकडच्या काठावरचं सिमरिया गाव आज ओळखलं जातं ते रामधारी सिंह 'दिनकर' यांचं जन्मगाव म्हणून. ते 1908 मध्ये जन्मले, म्हणजे समोरच्या घाटावर कॉर्बेट पोती मोजून घेत होता तेव्हाच.

'माय इंडिया'त बारा प्रकरणं आहेत. शेवटची पाच रेल्वेची आहेत, आणि बहुतेक वाचक सुलताना डाकूच्या सातव्या प्रकरणानंतर पुस्तक मिटतात. तुम्ही उलटं करा. 'चमारी'पासून सुरुवात करा, मग 'बुधू' आणि 'लालाजी', मग मोकामा घाटावरचं शेवटचं प्रकरण. शाळेत शिकवत असाल, तर भिंती काढलेल्या शाळेचा तेवढा मजकूर पोरांना मराठीत सांगा. वाघ नंतरही वाचता येतील.